डोमेन कुणी पाडून मागतं तेव्हा

तुमच्या नावावर एखादं डोमेन, म्हणजे वेबसाइटचं नाव, आहे. काही वर्षांपूर्वी सुचलं, मोकळं दिसलं, घेऊन ठेवलं. दरवर्षी हजार-बाराशे रुपये भरून तुम्ही ते जपताय. मग एके दिवशी अनोळखी पत्त्यावरून दोन ओळींचा मेल येतो: ‘हे डोमेन विकायचं आहे का? मी तीन हजार रुपये देऊ शकतो.’

काहींना याचा राग येतो. ते मेल पुसून टाकतात किंवा टोचेल असं काहीतरी लिहून पाठवतात. काहींच्या पोटात गोळा येतो: इतक्या वर्षांत पहिलं गिऱ्हाईक आलंय, हेही गेलं तर? ते घाईघाईने ‘हो’ म्हणून मोकळे होतात. दोन्हीकडे नुकसान विकणाऱ्याचंच होतं, कारण दोघांनीही तीन हजार हा आकडा त्या नावाचं मोल म्हणून वाचला.

माझं सांगणं असं आहे की पहिल्या बोलीवरून नावाचं मोल कळतच नाही. ते नाव तुम्हाला केवढ्याला पडलं असेल याचा समोरच्याने बांधलेला अंदाज तेवढा कळतो. एवढं लक्षात राहिलं की राग ओसरतो, घाईही ओसरते आणि पुढचं बोलणं शांतपणे करता येतं.

त्याचा अंदाज एवढा खाली का असतो, ते पाहू. डॉट कॉम नावांची मूळ नोंदवही व्हेरीसाइन ही अमेरिकन कंपनी सांभाळते. एका नावासाठी वर्षाला ती रजिस्ट्रारकडून, म्हणजे लोकांना नावं नोंदवून देणाऱ्या कंपनीकडून, ठरावीक रक्कम घेते. सप्टेंबर २०२४ मध्ये ती १०.२६ डॉलर झाली. रजिस्ट्रार त्यावर आपला नफा आणि कर लावून नाव ग्राहकाला विकतो. त्यामुळे डोमेन घ्यायला गेलेल्या माणसाला कुठल्याही मोकळ्या नावासमोर हजाराच्या आसपासचा आकडा दिसतो. त्याला हवं असलेलं नाव मात्र तुमच्याकडे आहे. हजाराची वस्तू तीन हजारांना मागतोय म्हणजे आपण तिप्पट देतोय, असं त्याला मनापासून वाटत असतं. तुम्हाला जो अपमान वाटला, ती त्याच्या हिशेबात उदारता असते.

त्यात डोमेनला बाजारभाव असा नसतोच. जमिनीला रेडी रेकनर आहे, कांद्याला बाजार समितीचा दर आहे, सोन्याचा भाव रोज पेपरात येतो. डोमेनचं तसं नाही. प्रत्येक नाव जगात एकच. शेजारचा फ्लॅट केवढ्याला गेला यावरून आपल्या फ्लॅटचा अंदाज बांधता येतो, पण एका शब्दाच्या विक्रीवरून दुसऱ्या शब्दाची किंमत काढणं फार निसरडं. झालेल्या विक्रीच्या नोंदी नेमबायोसारख्या संकेतस्थळांवर पाहायला मिळतात आणि त्या जरूर पाहाव्यात. फक्त तिथे विकली गेलेली नावंच दिसतात, वर्षानुवर्षं पडून राहिलेली दिसत नाहीत. व्हॉइस डॉट कॉम हे नाव २०१९ मध्ये तीन कोटी डॉलरला गेलं, ही खरी गोष्ट आहे. पण तुमच्या-माझ्या नावाची किंमत तिच्यावरून ठरवता येत नाही.

मागणारा कोण आहे?

आकड्याआधी हा प्रश्न सोडवायचा. उदाहरणापुरतं समजा, तुमच्याकडे हुर्डापार्टी डॉट कॉम आहे. तेच तीन हजार रुपये दोन निरनिराळी माणसं देऊ करतात.

पहिला माणूस डोमेनचाच व्यापारी आहे. तो घाऊक भावात घेतो आणि किरकोळ भावात विकतो. त्याचा हिशेब समजून घेण्यासारखा आहे, कारण चार-सहा नावं बाळगून असाल तर तो तुम्हालाही लागू होतो. त्याच्याकडे शंभर नावं आहेत आणि प्रत्येकाचं वर्षाचं भाडं हजार रुपये, असं धरा. म्हणजे नावं नुसती राखायलाच वर्षाला एक लाख रुपये लागतात. शंभरातली एक-दोन नावं वर्षात विकली जातात, असा या धंद्यातला ठोकताळा आहे. वर्षाला एकच नाव गेलं, तर ते लाखाच्या वर जायला हवं, नाहीतर त्याचं घर चालणार नाही. तुमचं नाव कधी विकलं जाईल हे त्याला ठाऊक नसतं, दहा वर्षंही लागू शकतात. म्हणून तो पाडूनच मागणार. त्यात त्याचा दुष्टपणा नसतो, त्याचं गणितच तसं असतं. अशा माणसाशी तासन्‌तास घासाघीस करून तीन हजारांचे सात हजार होतील, सत्तर हजार होणार नाहीत.

दुसरा माणूस पुणे-सोलापूर रस्त्यावर कृषी पर्यटन केंद्र चालवतो. थंडीत हुर्ड्याचे दोन-तीन महिने हाच त्याचा कमाईचा काळ. माणशी हजार रुपये धरले आणि सोप्या, लक्षात राहणाऱ्या नावामुळे हंगामात शंभर पाहुणे वाढले, तर एका वर्षातच लाखाची उलाढाल वाढते. नाव पुढची वीस वर्षं कामाला येतं, ते वेगळंच. त्यानेही तीन हजारच लिहिलेत, कारण डोमेनच्या बाजाराशी त्याचा कधी संबंधच आलेला नाही. त्याला दीड लाख सांगितले तर तो दचकेल, पण विचारही करेल.

दोघांचे मेल सारखेच दिसतात, मग ओळखायचं कसं? मेल कुठल्या पत्त्यावरून आलाय ते बघा. खाली नाव-गाव आहे का? त्या माणसाचा सध्याचा व्यवसाय कुठल्या नावाने चालतो? तो लांबलचक, मध्ये जोडरेषा असलेलं किंवा मागे डॉट इन लावलेलं नाव वापरत असेल, तर तुमचं नाव त्याला कशासाठी हवंय ते लगेच कळतं. व्यापारी बहुधा ‘यातलं काही विकायचं आहे का’ म्हणून चार नावं एकदम विचारतो, व्यवसाय करणारा एकाच नावाचा ध्यास घेऊन येतो. मोठ्या कंपन्या मात्र स्वतःच्या नावाने सहसा विचारत नाहीत. त्या मध्यस्थ पाठवतात आणि मध्यस्थ मुद्दाम साधासुधा मेल लिहितो. म्हणून साध्या मेलला कमी लेखू नका.

दहा डॉलरची बोली

कमी बोलीला रागाने उत्तर दिलं की काय होऊ शकतं, याचं मला माहीत असलेलं सगळ्यात बोलकं उदाहरण कॅनडातलं आहे. व्हिक्टोरिया शहरातल्या माइक रो नावाच्या १७ वर्षांच्या विद्यार्थ्याने २००३ मध्ये वेबसाइट बनवण्याच्या आपल्या छोट्या उद्योगासाठी माइकरोसॉफ्ट डॉट कॉम हे नाव घेतलं. स्वतःच्या नावापुढे ‘सॉफ्ट’ जोडलं, एवढंच. उच्चार करून पाहा, म्हणजे पुढे काय झालं असेल ते कळेल. मायक्रोसॉफ्टच्या वकिलांनी नाव सोडून द्यायला सांगितलं आणि मोबदल्यात नोंदणीच्या खर्चाएवढे १० डॉलर देऊ केले. त्याने उलट १०,००० डॉलर मागितले. फक्त दहा डॉलर देऊ केल्याचा राग आला म्हणून तो आकडा सांगितला, असं त्याने पुढे स्पष्ट केलं.

त्यानंतर त्याच्याकडे २५ पानांची नोटीस आली. पैसे उकळण्याच्या हेतूनेच त्याने हे नाव घेतलं, असा आरोप तिच्यात होता आणि त्या आरोपाला आधार म्हणून त्याने मागितलेले दहा हजार डॉलर दाखवले होते. बातमी जगभर गेली, लोक मुलाच्या बाजूने उभे राहिले आणि जानेवारी २००४ मध्ये तडजोड झाली. नाव मायक्रोसॉफ्टकडे गेलं, त्याला एक्सबॉक्स आणि इतर काही गोष्टी मिळाल्या. लोकांची सहानुभूती नसती, तर प्रकरण एवढ्यावर मिटलं असतं असं मला वाटत नाही.

यामागचा नियम डोमेन असलेल्या प्रत्येकाने समजून घ्यावा. डॉट कॉमसारख्या नावांच्या तंट्यांसाठी आयकॅन या जागतिक संस्थेने १९९९ मध्ये एक धोरण आणलं. दुसऱ्याच्या ट्रेडमार्कशी मिळतंजुळतं नाव, मुख्यतः त्यालाच प्रत्यक्ष खर्चापेक्षा जास्त किमतीला विकण्यासाठी घेतलं असेल, तर तो खोटा हेतू मानला जातो. तक्रारदाराने हे आणि इतर दोन मुद्दे सिद्ध केले की नाव काढून घेता येतं, बदल्यात पैसा मिळत नाही. डॉट इन नावांसाठी आपल्याकडे निक्सी या संस्थेचं असंच धोरण आहे. जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे पाच नावांपर्यंतच्या तक्रारीचं शुल्क एक पंच असेल तर १५०० डॉलर आहे. तुमची बाजू कच्ची असेल तर समोरच्या कंपनीपुढे एवढ्या खर्चाचा रस्ता उघडा आहे. वकिलाची फी धरली तरी तो दहा लाखांपेक्षा स्वस्त पडतो. मग तुम्ही दहा लाख सांगून काय होणार?

भारतात न्यायालयंही या बाबतीत ठाम आहेत. रेडिफच्या नावात एकच अक्षर बदलून ‘रॅडिफ’ असं डोमेन घेणाऱ्याला मुंबई उच्च न्यायालयाने १९९९ मध्येच रोखलं होतं. सत्यम इन्फोवेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये डोमेनला ट्रेडमार्कसारखंच संरक्षण मिळू शकतं हे मान्य केलं. अलीकडचं उदाहरण जिओहॉटस्टारचं. दोन मोठ्या कंपन्यांचं एकत्रीकरण होणार असा अंदाज बांधून दिल्लीतल्या एका तरुणाने ते डॉट कॉम नाव आधीच घेऊन ठेवलं आणि २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये रिलायन्सकडे परदेशी शिक्षणाचा खर्च मागितला. रक्कम एक कोटी रुपयांच्या घरात होती. कंपनीने नकार देऊन कायदेशीर कारवाईचा इशारा दिला. त्याची शिकण्याची इच्छा खरी होती याबद्दल मला शंका नाही, त्याच्याबद्दल वाईटही वाटतं. पण दोन प्रसिद्ध ब्रँडची नावं जोडून केलेल्या डोमेनला घासाघिशीची जागाच नसते.

तेव्हा तुमच्या नावात कुणाचा ब्रँड असेल आणि बोली त्या ब्रँडकडूनच आली असेल, तर आकडा लिहून पाठवण्याआधी वकिलाला विचारा. ‘हुर्डा’, ‘पार्टी’, ‘दागिने’, ‘शेती’ अशा रोजच्या शब्दांचं नाव असेल आणि ते त्याच अर्थाने घेतलं असेल, तर तुमची बाजू बरीच भक्कम आहे. असं नाव विकत घेऊन नफ्यात विकणं यात गैर काही नाही.

उत्तर काय द्यायचं?

उत्तर द्यायचंच, हे आधी ठरवा. तीन हजार म्हणणाऱ्यालाही. तो मेल लिहायच्या आधी त्याने नाव शोधलं, ते घेतलेलं आहे हे पाहिलं, मालकापर्यंत पोहोचायचा मार्ग काढला. एवढी खटपट करणारी माणसं क्वचितच भेटतात. उत्तर मात्र छोटं असावं:

‘नमस्कार. चौकशीबद्दल आभार. हे नाव विकायची माझी तयारी आहे. किंमत १,८०,००० रुपये. व्यवहार एस्क्रोमार्फत करू, म्हणजे दोघांचेही पैसे आणि नाव सुरक्षित राहतील. काही विचारायचं असल्यास जरूर लिहा.’

एस्क्रो म्हणजे व्यवहार पुरा होईपर्यंत पैसे सांभाळणारा तिऱ्हाईत. उत्तरात तीन हजारांचा उल्लेखही करायचा नाही. त्यावर नाराजी नाही, टीका नाही, डोमेनच्या मोलावर व्याख्यान नाही. पुष्कळ जण इथे दोन पानं लिहितात: नाव किती छोटं आहे, महिन्याला किती लोक ते शोधतात, अमुक नाव केवढ्याला गेलं. नाव आपल्या किती कामाचं आहे हे घेणाऱ्याला माहीत असतं, म्हणूनच तो आलेला असतो. तुम्ही जितकं समजावत जाल तितकी तुम्हालाच आपल्या किमतीची खात्री नाही असं दिसतं.

आकडा का सांगायचा? ‘तुमचं बजेट किती?’ असं का विचारायचं नाही? कारण पहिला आकडा मनात घट्ट रुतून बसतो. ॲमॉस त्वेर्स्की आणि डॅनियल कानेमन या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये यावरचा एक प्रयोग मांडला. लोकांसमोर एक चक्र फिरवलं, ते १० किंवा ६५ वरच थांबेल अशी सोय केलेली होती. मग विचारलं, संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकी देशांचं प्रमाण किती टक्के असेल? ज्यांनी १० पाहिले त्यांचा मधला अंदाज २५ आला, ज्यांनी ६५ पाहिले त्यांचा ४५. चक्राचा आणि उत्तराचा काडीचाही संबंध नव्हता, तरी मन त्या आकड्याभोवतीच फिरत राहिलं. तीन हजार हे असंच चक्र आहे. त्याच्याशी जोडून ‘पाच तरी द्या’ म्हणालात की सगळा सौदा हजारांत अडकतो. तुमचा आकडा मांडलात की बोलणं लाखांत येतं.

आता हा आकडा आणायचा कुठून? मेल यायच्या आधी, निवांत बसून तो वहीत लिहून ठेवलेला असावा. खरं तर दोन आकडे हवेत: मागायची किंमत आणि ज्याच्या खाली जायचं नाही ती तळाची किंमत. मेल समोर असताना ठरवायला गेलात, तर तीन हजारांची सावली त्यावर पडणारच.

यानंतर ‘तुझं नको, माझं नको, मध्यावर तोडू’ हा आपला जुना तोडगा पुढे येतो. इथे सांभाळा. तीन हजार आणि एक लाख ऐंशी हजार यांचा मध्य साडेएक्याण्णव हजार. त्याने पन्नास हजारांनी सुरुवात केली असती तर मध्य एक लाख पंधरा हजार झाला असता. म्हणजे ज्याने जास्त पाडून मागितलं, त्यालाच मध्यावर तोडण्याचा फायदा. त्यापेक्षा तुमची पावलं तुम्हीच ठरवा आणि ती लहान होत जाऊ द्या: एक ऐंशी, एक साठ, एक पन्नास, एक पंचेचाळीस. वाचणाऱ्याला न सांगता कळतं की तळ जवळ आलाय. प्रत्येक वेळी सूट देताना काहीतरी मागून घ्या, जसं ‘याच आठवड्यात पैसे भरणार असाल तर एक पन्नास’.

जनावरांच्या बाजारात रुमालाखाली बोटं धरून भाव ठरवण्याची रीत होती. आकडा फक्त दोघांनाच कळायचा, भोवतीच्या बघ्यांसमोर कुणाचाच कमीपणा व्हायचा नाही. मेलवरच्या घासाघिशीतही ही अदब हवी. समोरच्याने तीन हजारांवरून साठ हजारांवर यायचं म्हणजे त्याला आपलाच शब्द मोडायचा असतो. तो तुमच्याशी नीट बोलता येतंय असं वाटलं तरच मोडेल. एकदम रक्कम झेपत नसेल तर हप्त्यांची सोय सुचवा. नाव वापरायला लगेच द्यायचं आणि मालकी शेवटच्या हप्त्यानंतर. अनेक विक्रीस्थळांवर ही व्यवस्था तयार असते.

आणि किंमत सांगितल्यावर उत्तर आलं नाही तर? गप्प राहा. आठवडाभराने स्वतःहून ‘बरं, एक लाखाला घ्या’ असं लिहिणं ही या व्यवहारातली मला सर्वांत जास्त खटकणारी चूक. समोरून एक शब्द न येता तुम्ही ऐंशी हजार सोडून दिलेले असतात. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात, निदान गरज दिसू तरी देऊ नये. घेणारे वेळ लावतातच. टेस्ला डॉट कॉम मिळवायला दहा वर्षांहून जास्त काळ आणि १ कोटी १० लाख डॉलर लागले, असं इलॉन मस्क यांनी २०१८ मध्ये सांगितलं होतं.

कमी बोली घ्यावीशी वाटली तर

ती घेणं हा पराभव नाही. नाव पुढच्या महिन्यात सोडूनच द्यायचं ठरवलं असेल, आठ वर्षांत ही पहिलीच चौकशी असेल, किंवा पैशांची आज खरोखर गरज असेल, तर पाच हजारांचा व्यवहार करून मोकळं व्हावं.

मात्र आपल्याच वस्तूचा मोह जड असतो, हे ठाऊक असू द्या. कानेमन, नेच आणि थेलर यांनी १९९० मध्ये काही विद्यार्थ्यांना कॉफीचे साधे मग दिले आणि केवढ्याला विकाल असं विचारलं. बाकीच्यांना केवढ्याला घ्याल ते विचारलं. विकणाऱ्यांचा आकडा घेणाऱ्यांच्या दुपटीहून जास्त निघाला, आणि मग हातात पडून फारसा वेळही झाला नव्हता. आपण तर नाव दहा-दहा वर्षं जपलेलं असतं. म्हणून तळाची किंमत ठरवताना स्वतःला एक प्रश्न विचारा: हे नाव आज माझ्याकडे नसतं, तर मी केवढ्याला विकत घेतलं असतं?

सौदा ठरला की पैसे एस्क्रोत जमा झाल्याची खात्री एस्क्रोच्या संकेतस्थळावर स्वतः जाऊन करा, मेलमधल्या दुव्यावरून नको. तोवर हस्तांतराचा कोड, म्हणजे नाव दुसऱ्याकडे हलवायला लागणारा परवलीचा शब्द, कुणालाही देऊ नका. पैसे भरल्याचा फोटो म्हणजे पैसे नव्हेत. उलट प्रकारचा सापळाही असतो: कुणी अचानक दहा लाख देऊ करतो आणि आधी अमुक एका ठिकाणाहून मूल्यांकनाचं प्रमाणपत्र आणायला सांगतो, ज्याची फी तुम्ही भरायची. फी भरली की गिऱ्हाईक गायब. खरा घेणारा विकणाऱ्याला खर्च करायला लावत नाही. रक्कम मोठी असेल तर कराचं आपल्या सीएला आधीच विचारून घ्या.

जे सौदे तुटले त्यांची नोंद ठेवा: कोण, कधी, केवढ्याला मागत होता, कुठे थांबला. हुर्डापार्टीचं नाव मागणारा तो केंद्रचालक जानेवारीत साठ हजारांवर अडला असेल, तर त्याला सप्टेंबरमध्ये दोन ओळी लिहा, नाव अजून आहे आणि किंमत तीच आहे म्हणून. ज्वारीच्या पेरण्या तेव्हा सुरू होत असतात आणि तोही नव्या हंगामाचा विचार करत असतो.